क्रूझवर रात्री जेवायचं कुठे? बुफे की डायनिंग रूम, हे ठरवण्याची कृती

क्रूझचं तिकीट काढताना खोली कोणत्या डेकवर हवी, बाल्कनी घ्यायची की नाही, यावर घरात चार दिवस खल होतो. रात्री जेवायचं कुठे, हा प्रश्न मात्र जहाजावर चढल्यावर, तोही पोटात कावळे ओरडायला लागल्यावर आठवतो. तिकिटात सहसा दोन्ही जागा धरलेल्या असतात : वरच्या डेकवरचा बुफे आणि खालच्या डेकवरची मुख्य डायनिंग रूम. दोन्हीकडचे पैसे आधीच भरलेले असल्यामुळे इथे स्वस्त-महाग असा प्रश्न उरत नाही. बघायचं ते वेळ, पोट, कपडे आणि बरोबरची माणसं.

बरेच जण सोपं पडतं म्हणून सगळ्या रात्री बुफेत काढतात. काही जण पैसे वसूल करायचे म्हणून रोज डायनिंग रूममध्ये जाऊन दोन-दोन तास बसतात आणि तिसऱ्या दिवशी कंटाळतात. खरं तर हा निर्णय सबंध सफरीसाठी एकदाच करायचा नसतो. तो रोज दुपारी, त्या संध्याकाळपुरता करायचा असतो. त्याची ही कृती. उदाहरणाला सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेतला जाऊन परतणारी चार रात्रींची सफर घेतली आहे. अलास्का असो, भूमध्य समुद्र असो की मुंबई-गोवा, पायऱ्या त्याच राहतात.

आधी हाताशी ठेवा

• जहाज कंपनीचं अ‍ॅप. ते घरीच मोबाइलवर घ्या. जहाजावर गेल्यावर मेनू, शोच्या वेळा आणि आरक्षण सगळं त्यातच बघावं लागतं.
• बुकिंगच्या कागदावर छापलेली डिनरची वेळ.
• बरोबरच्या प्रत्येकाच्या पथ्यांची यादी : शाकाहारी, अंडं चालतं की नाही, जैन, मधुमेह, अ‍ॅलर्जी, उपवासाचे दिवस.
• प्रत्येक बंदरात जहाज किती वाजता लागणार आणि किती वाजता सुटणार, याचा तक्ता.
• प्रत्येकी एक चांगला जोड, आणि हातातल्या बॅगेत एक साधा जोड.

पायरी १ : घरी असतानाच डायनिंग रूमची वेळ घेऊन ठेवा

डायनिंग रूमच्या दोन पद्धती असतात. पहिली ठरलेल्या वेळेची. यात साधारण साडेपाचच्या सुमाराची एक पाळी आणि आठच्या सुमाराची दुसरी. रोज तेच टेबल, तेच वाढपी. दुसरी सवडीच्या वेळेची. रॉयल कॅरिबियनवर तिला ‘माय टाइम’ म्हणतात, कार्निव्हलवर ‘युअर टाइम’. यात रोज हवी ती वेळ अ‍ॅपवरून धरता येते, पण टेबल आणि वाढपी बदलत राहतात. नॉर्वेजियन कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ नावाने ठरलेल्या पाळ्याच काढून टाकल्या.

जायचं की नाही याची खात्री नसली तरी वेळ घेऊन ठेवा. वेळ घेतली आणि त्या रात्री गेला नाहीत, तर दंड नाही. उलट, वेळ न घेता ऐन आठ वाजता दारात उभे राहिलात तर रांग ठरलेली. बुफेला आरक्षण लागत नाही, तो केव्हाही आहेच. त्यामुळे जागा धरायची ती डायनिंग रूमची.

पाळी निवडताना भारतातून जाणाऱ्यांनी घड्याळाकडे नीट बघावं. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले साडेपाच म्हणजे आपले दुपारचे तीन. घरी रात्री साडेआठ-नऊला जेवणाऱ्या माणसाला त्या वेळी फार तर चहा हवा असतो. आठची पाळी घेतलीत तरी पोटाच्या हिशेबाने साडेपाचच वाजलेले असतात, पण निदान भूक लागायला लागलेली असते. म्हणून मुंबई-पुण्याहून थेट जाणाऱ्यांनी उशिराची पाळी घ्यावी. लहान मुलं असतील, किंवा आधी चार दिवस सिंगापूरला राहून अंग तिथल्या वेळेला सरावलं असेल, तर लवकरची चालेल. फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असतं. तिथे उतरताना जहाजाची वेळ कोणती, हे अ‍ॅपवर बघून त्याच वेळेने चाला. मोबाइल आपोआप वेळ बदलतो आणि जेवणाची पाळी हुकते.

दोन-तीन कुटुंबं मिळून जात असाल तर कंपनीला कळवून सगळ्यांची बुकिंग एकमेकांशी जोडून घ्या. तसं केलं नाही तर आजी एका टेबलावर आणि नातवंडं दुसऱ्या टोकाला, असं होतं. टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर जेवणाची वेळ आणि जागा त्यांनी आधीच ठरवली आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारा.

पायरी २ : पथ्यं आधी लेखी कळवा, मग तोंडी सांगा

मराठी घरांसाठी ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. निघण्याच्या काही आठवडे आधी कंपनीला किंवा एजंटला ईमेल करा. पहिल्या रात्री डायनिंग रूमच्या मुख्य वेटरला तेच पुन्हा सांगा.

नुसतं ‘व्हेज’ सांगून भागत नाही. परदेशी स्वयंपाकघरात व्हेजमध्ये अंडं येतं. केक, पुडिंग आणि काही पास्त्यांतही ते असतं. भाज्यांच्या सूपला चिकनचं पाणी वापरलेलं असू शकतं, आशियाई भाज्यांत ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस असू शकतो, आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन. म्हणून ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, त्यांचा रसही नाही’ असं फोड करून सांगा. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळं नकोत, हेही त्यात आलं.

डायनिंग रूमचा खरा फायदा इथे मिळतो, कारण तिथे ताट एका माणसासाठी भरलं जातं. आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीचा मेनू मागून ‘उद्या मला हे असं हवं’ म्हणून ठेवता येतं, आणि भारतीय भाजी, डाळ, भात बऱ्याच जहाजांवर मिळतो. बुफेत चिमटे इकडचे तिकडे होतात. मागचा माणूस चिकनचा चिमटा भाजीत घालतो, तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नसतो. शेंगदाणे, काजू, ग्लूटेन किंवा कोळंबी-खेकड्याची जोरदार अ‍ॅलर्जी असेल, तर बुफे सोडाच.

उपवासाला मात्र बुफे बरा. खिचडी-वऱ्याची अपेक्षा ठेवू नका, पण फळं, दही, उकडलेला बटाटा आणि सुका मेवा डोळ्यांनी बघून घेता येतो. डायनिंग रूममध्ये एकादशी समजावून सांगण्यात अर्धा तास जातो.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या जहाजांवर बहुतेक प्रवासी भारतीयच असतात, त्यामुळे हा प्रश्न निम्म्याने हलका होतो. तरी जैन जेवण आधी कळवावंच.

पायरी ३ : चढल्याच्या दिवशी दोन्ही जागा बघून या

जहाजावर चढल्यावर सगळे आधी बुफेकडे धावतात. तुम्हीही जा, पण जेवण झाल्यावर तडक खाली उतरून डायनिंग रूमचं दार गाठा. बघायचं ते असं :

• तुमचं टेबल दारापासून किती लांब आहे? गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना जवळचं मागा.
• टेबल फक्त तुमच्या घरच्यांचं आहे की अनोळखी लोकांबरोबर? बदल हवा असेल तर तो याच दुपारी मागायचा. संध्याकाळी गर्दीत कोणी ऐकून घेत नाही.
• खोलीपासून कोणत्या लिफ्टने यायचं? जहाजाच्या एका टोकाची डायनिंग रूम चुकीच्या जिन्याने उतरलं तर सापडत नाही.

जहाज डोलतं हेही लक्षात घ्या. डोलणं सगळ्यांत कमी जाणवतं ते खाली आणि मध्यभागी. बुफे सहसा सगळ्यांत वर असतो, त्यामुळे वाऱ्याच्या रात्री तिथे हातात भरली प्लेट घेऊन चालणं अवघड जातं. डायनिंग रूम खाली असली तरी अनेक जहाजांवर ती मागच्या टोकाला असते, तिथे थोडा थरथराट जाणवतो. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या भागातलं टेबल मागावं.

पायरी ४ : रोज दुपारी पाच प्रश्न विचारा

चहाच्या वेळी अ‍ॅप उघडा. डायनिंग रूमचा त्या रात्रीचा मेनू त्यात असतो, बाहेरच्या फलकावरही लावतात. मग घरच्यांना विचारा :

१. आज जहाजावर परत किती वाजता आलो, किंवा येणार?
२. शो किती वाजता आहे? डायनिंग रूमचं जेवण दीड ते दोन तास चालतं, बुफेचं अर्ध्या-पाऊण तासात आटपतं.
३. मेनूतले निदान दोन पदार्थ प्रत्येकाला चालण्यासारखे आहेत का?
४. कोणी थकलंय का? कोणाला मळमळतंय का?
५. आज कपड्यांचा नियम काय आहे?

पाचांपैकी तीन उत्तरं डायनिंग रूमच्या बाजूने आली तर खाली जा, नाहीतर वर. कुटुंबाची फाटाफूट झाली तरी बिघडत नाही. आजी-आजोबा खाली निवांत जेवतील आणि मुलं वर पिझ्झा खातील, असंही करता येतं. फक्त वाढप्याला आदल्या रात्री सांगून ठेवा, म्हणजे तो रिकाम्या खुर्च्यांसाठी खोळंबणार नाही.

पायरी ५ : उत्तरांप्रमाणे निवडा

डायनिंग रूम निवडा, जेव्हा

• दिवसभर जहाज समुद्रातच आहे आणि संध्याकाळ मोकळी आहे;
• बरोबर वयस्कर माणसं आहेत, त्यांना रांगेत उभं करायचं नाही;
• पथ्य कडक आहे;
• वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस आहे. आधी सांगितलंत तर वेटर मंडळी केक आणून गाणंही म्हणतात;
• फॉर्मल नाइट, म्हणजे ठेवणीतले कपडे घालून जेवायला जायची रात्र, आहे. त्या रात्रीचा मेनू सहसा सगळ्यांत चांगला असतो.

बुफे निवडा, जेव्हा

• बंदरावरून घामाघूम होऊन आलात आणि पुन्हा कपडे करण्याचा कंटाळा आलाय;
• मूल तासभर खुर्चीत बसणार नाही. काही जहाजांवर डायनिंग रूममध्ये मुलांना आधी वाढून नंतर मुलांच्या क्लबात नेण्याची सोय असते, ती विचारून बघा;
• भूक थोडीच आहे;
• बाहेर बघण्यासारखं काही आहे. अमेरिकेतल्या मुलांकडे गेलेले आई-वडील अलास्काला जातात, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि वरच्या डेकच्या मोठ्या काचांतून दिसणारे बर्फाचे डोंगर डायनिंग रूमच्या खिडकीतून तसे दिसत नाहीत.

बुफे रात्री बहुधा नऊच्या सुमारास बंद होतो. साडेआठनंतर गेलात तर पदार्थ संपत आलेले असतात. उलट एक चांगलं असं, की सकाळ-दुपारच्या मानाने रात्री तिथे गर्दी बरीच कमी असते.

मधुमेहींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डायनिंग रूममध्ये बसल्यापासून मुख्य पदार्थ ताटात पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. गोळी किंवा इन्शुलिन घेऊन बसणार असाल तर हे अंतर डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, आणि बसल्याबसल्या वेटरला सूप लवकर आणायला सांगा.

पायरी ६ : कपड्यांचा बाऊ करू नका, पण नियम पाळा

रोजच्या रात्री डायनिंग रूममध्ये नीटनेटका पोशाख पुरतो : पुरुषांना पँट आणि शर्ट, बायकांना साडी, सलवार-कुर्ता किंवा ड्रेस. पोहण्याचे कपडे चालत नाहीत, बनियनसारखे टी-शर्टही नाहीत. तीन-चार रात्रींच्या सफरीत सहसा एक फॉर्मल नाइट असते, सात रात्रींच्या सफरीत दोन. त्यासाठी सूट शिवायची गरज नाही. रेशमी साडी, कुर्ता-जॅकेट किंवा बंदगळा असला की काम झालं. क्युनार्डच्या क्वीन मेरी २ सारख्या जहाजांवर मात्र संध्याकाळी सहानंतरचा नियम कडक असतो, तिथे आधी वाचून जा. बुफेत कपड्यांची सक्ती जवळजवळ नसते, पण अनवाणी किंवा ओल्या अंगाने जाऊ नये.

पायरी ७ : डायनिंग रूममध्ये असं जेवा

डायनिंग रूम म्हणजे पंगत, फक्त पानं वेगवेगळी. वाढणारा येतो, आपण उठायचं नसतं. मेनूचे तीन भाग असतात : आधी सूप-सॅलडसारखं काही, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड. प्रत्येक भागातून एकच मागवावं असा नियम नाही. दोन सूप घ्या, मुख्य पदार्थ चौघांत तीन मागवून वाटून खा, किंवा गोड दोन घ्या. आवडलं नाही तर बदलून मिळतं. किंमत लिहिलेल्या पदार्थांना मात्र हात लावण्यापूर्वी विचार करा. काही लॉबस्टर आणि महाग स्टेक यांचे वेगळे पैसे पडतात.

काट्या-चमच्यांची भीती नको. बाहेरून आत यायचं, एवढं पुरे. चुकलात तर वेटर मुकाट्याने दुसरा चमचा ठेवतो. पोळी किंवा नान आलं तर हाताने खायला लाजू नका.

जेवण सपक लागलं तर चिरलेली हिरवी मिरची, लिंबू आणि दही मागा. ते मागायचा संकोच वाटण्याचं कारण नाही, कारण समोरचा वाढपी आपल्याकडचाच असण्याची शक्यता बरीच. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्या तारवटींच्या पिढ्याच्या पिढ्या आहेत, मुंबई-कोकणातली मुलंही या धंद्यात आहेत. ठरलेल्या पाळीत वाढपी रोज तोच असल्याने दुसऱ्या रात्री मिरची न मागता येते. सवडीच्या वेळेची पद्धत घेतली असेल तर दारातच ‘काल होता त्याच्याच टेबलावर’ असं सांगून बघा.

पायरी ८ : बुफेत असं जेवा

१. आधी साबणाने हात धुवा. जहाजांवर ज्या नोरोव्हायरसची धास्ती असते, त्याला हाताला चोळायची अल्कोहोलची जेल पुरेशी आवरत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं. पदार्थ वाढून घेतल्यावर, खायला बसण्यापूर्वी पुन्हा धुतलेत तर उत्तम, कारण मधल्या वेळात अनेकांनी धरलेले चिमटे तुम्ही धरलेले असतात. कर्मचारी स्वतः वाढायला लागले तर तक्रार करू नका. संसर्गाची शंका आली की जहाजं चिमटे प्रवाशांच्या हातातून काढून घेतात.

२. प्लेट न उचलता एक पूर्ण फेरी मारा. भारतीय पदार्थांचा काउंटर बऱ्याचदा शेवटच्या कोपऱ्यात असतो आणि तो दिसेपर्यंत प्लेट नूडल्सने भरलेली असते.

३. गरम पदार्थ वाफाळता असेल तरच घ्या, आणि नुकताच भरलेला ट्रे निवडा. कोमट मासे आणि कोमट भात दोन्ही टाळा.

४. थोडं घ्या, पुन्हा जा. डोळ्यांची भूक मोठी असते आणि टाकलेलं अन्न समुद्रात कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

५. वयस्कर माणसांना खुर्चीत बसवून त्यांचं पान तुम्ही आणा.

अमेरिकेहून निघणार असाल तर आणखी एक सोय आहे. तिथल्या बंदरांत येणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या जहाजांची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था स्वच्छता-तपासणी करते. १०० पैकी ८६ किंवा जास्त गुण मिळाले तर जहाज उत्तीर्ण. हे निकाल सगळ्यांसाठी खुले असतात, तिकीट काढण्यापूर्वी बघून घ्यावेत.

पायरी ९ : टिपेचा हिशेब समजून घ्या

बुफेत जेवलो म्हणजे टिप वाचली, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक परदेशी जहाजांवर टिप माणशी रोजची ठरलेली असते आणि ती खात्यावर आपोआप लागते, जेवण कुठेही घ्या. त्यामुळे तो मुद्दा निवडीतून काढून टाका. साधं पाणी, चहा आणि कॉफी सहसा दोन्हीकडे मोफत. दारू, बाटलीबंद पाणी आणि शीतपेयं यांचे पैसे दोन्हीकडे लागतात.

चार रात्रींचा नमुना

पहिली रात्र, सिंगापूर सोडताना : बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होते, म्हणून हातातल्या बॅगेतला साधा जोड घाला. पहिल्या रात्री डायनिंग रूममध्येही साधे कपडे चालतात. वेटरशी ओळख आणि पथ्यांचं बोलणं याच रात्री व्हायला हवं, म्हणून डायनिंग रूम.

पेनांगची रात्र : जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं, गाव चालत जाण्याएवढं जवळ. लिटिल इंडियात केळीच्या पानावर दाक्षिणात्य जेवण झालेलं असेल, तर रात्री बुफेत फळं आणि सूप पुरे. बंदरावर काही खाल्लं नसेल तर डायनिंग रूम.

फुकेतची रात्र : इथे मोठी जहाजं बऱ्याचदा पातोंगसमोर नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी ने-आण होते. परतीची रांग, ऊन, पायांना वाळू. या रात्री बुफे, दुसरा विचार नको.

समुद्रातला दिवस आणि शेवटची रात्र : दिवसभर आराम झालेला असतो, म्हणून डायनिंग रूम. पण मोठ्या बॅगा रात्री खोलीबाहेर ठेवायच्या असतात. आठची पाळी असेल तर जेवायला जाण्यापूर्वीच त्या भरा आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे वेगळे काढून ठेवा.

फॉर्मल नाइट यांपैकी कोणत्याही रात्री आली, तरी ती डायनिंग रूमची.

एवढ्यावरही मन ठरत नसेल तर खाली जा. खालचा मेनू पटला नाही तर उठून वर जायला कोणी अडवत नाही, पण वर पोट भरल्यावर खाली कोणी जात नाही.